असेत्तो कोर्सा: एबीएस बंद केल्यावर मॉन्झाच्या पहिल्या शिकेनला पुढची चाकं लॉक होतात

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. गेम असेत्तो कोर्सा, गाडी तातूस एफए०१ (उघड्या चाकांची फॉर्म्युला गाडी), ट्रॅक मॉन्झा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद, ऑटो-ब्लिप (गिअर खाली आणताना आपोआप थ्रॉटल देणारी मदत) बंद, टायर ब्लँकेट चालू म्हणजे टायर आधीच गरम, ट्रॅकची स्थिती ऑप्टिमम. पेडल लॉजिटेक जी२९ चे, ब्रेकमधला रबर काढलेला नाही. कंटेंट मॅनेजरमध्ये (गेमचा लाँचर) ब्रेक गॅमा, म्हणजे पेडल किती दाबल्यावर किती ब्रेक लागेल ती सेटिंग, १.० आहे.

अडचण अशी. मुख्य सरळ पट्टीच्या शेवटी ब्रेक जोरात दाबला की पहिला टप्पा छान जातो, गाडी सरळ राहून झपाट्याने वेग टाकते. पण वेग १०० च्या आसपास उतरला की टायर किंचाळतात आणि पुढची चाकं थांबतात. मग स्टिअरिंग कितीही वळवलं तरी गाडी शिकेन (लागोपाठची दोन उलटसुलट वळणं) सोडून सरळ पुढे. ब्रेक आधीपासूनच कमी दाबला तर लॉक होत नाही, पण थांबायला फार अंतर लागतं.

दुसरं, गिअर भराभर खाली आणले की कधी कधी मागची बाजू सुटते. हे ब्रेकमुळे की गिअरमुळे, ते कळत नाही.

पेडल किती टक्के दाबायचं याचा काही ठरलेला आकडा असतो का?

स्लिक_आणि_विंग

ठरलेला एक आकडा नसतो, आणि तुमच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. विंग असलेल्या गाडीत चाक किती ब्रेक सहन करेल हे वेगाबरोबर बदलतं. डाउनफोर्स (हवा गाडीला खाली दाबते तो जोर) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग निम्मा झाला की डाउनफोर्स पाव उरतो.

उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ (हे एफए०१ चे अधिकृत आकडे नाहीत). गाडी आणि ड्रायव्हर मिळून ६०० किलो, २०० च्या वेगाला डाउनफोर्स ३०० किलो. टायरवर एकूण भार ९०० किलो. १०० च्या वेगाला डाउनफोर्स उरला ७५, भार ६७५. ६० ला डाउनफोर्स फक्त २७, भार ६२७. आता २०० ला चाक ९० टक्के ब्रेकवर लॉक होत असेल, तर १०० ला ते साधारण ६८ टक्क्यांवर आणि ६० ला ६३ टक्क्यांवर लॉक होणार. तुम्ही ८५ टक्के दाबून पाय तसाच रोवून ठेवलात तर पहिला टप्पा उत्तम जाईल आणि १०० च्या आधीच कुठेतरी चाक थांबेल. तुमचं वर्णन अगदी हेच सांगतंय.

त्यामुळे ब्रेकचा आलेख असा हवा: सुरुवातीला पटकन वर, अगदी थोडा वेळ माथ्यावर, आणि मग वेग उतरेल तसा लगेच उतरता. उतारही सारखा नसतो. २०० ते १२० मध्ये डाउनफोर्स झपाट्याने जातो, तिथे पाय भरभर हलका करायचा. १०० च्या खाली बदल थोडा, तिथे जवळजवळ स्थिर ठेवायचा. वळणात शिरताना पुन्हा सोडायचा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: वर धरून ठेवतात, आणि वळण अंगावर आलं की घाबरून एकदम सोडतात किंवा आणखी दाबतात.

पहिल्या दाबाबद्दलही एक गोष्ट. ‘पटकन’ म्हणजे लाथ मारणं नव्हे. ब्रेक लागल्यावर वजन पुढच्या चाकांवर यायला क्षणभर लागतो. त्याआधीच पूर्ण दाब आला तर भार न आलेलं चाक थांबतं. फॉर्म्युला गाडीची स्प्रिंग कडक असल्याने हा क्षण फार छोटा असतो. साध्या रस्त्याच्या गाडीत तो चांगला जाणवतो, तिथे पायाने थोडी जास्त वाट पाहावी लागते.

चाक लॉक झालंच तर? दोन-तीन टक्के सोडून ते सुटत नाही. टायरची सर्वात जास्त पकड चाक रस्त्यापेक्षा थोडंसं हळू फिरत असताना मिळते. पूर्ण थांबून घासणाऱ्या टायरची पकड त्याहून कमी असते. म्हणून चाक पुन्हा फिरायला लॉक झालेल्या दाबाच्या बरंच खाली यावं लागतं. १५-२० टक्के एकदम सोडा, चाक फिरू द्या, मग पुन्हा थोडं दाबा. पाय पूर्ण उचलू नका, कारण वजन लगेच मागे जातं आणि पुढच्या चाकांची उरलीसुरली पकडही जाते. त्या क्षणी स्टिअरिंग जास्त वळवलेलं असेल तर थोडं सरळ करा. थांबलेलं चाक कुठे वळलंय याला काहीच अर्थ नसतो. पण ते सुटलं की गाडी एकदम त्या दिशेला झेपावते.

वेग_हाच_धर्म

एवढं गणित कशाला? गॅमा २.४ करा, पेडल मऊ होईल, लॉक होणं थांबेल. तोवर एबीएस फॅक्टरीवर (खऱ्या गाडीत असेल तसं) ठेवा.

पेडलपेटी

@वेग_हाच_धर्म, एफए०१ ला एबीएस नाहीच, त्यामुळे ‘फॅक्टरी’ ठेवलं काय आणि बंद ठेवलं काय, या गाडीत फरक पडणार नाही. आणि २.४ सरसकट कुणालाच सांगू नये. गॅमा नेमकं काय करतो ते पाहा: पेडलची किंमत त्या घाताला नेली जाते. गॅमा २ असेल तर ५० टक्के पेडलला २५ टक्के ब्रेक, ८० ला ६४, ९० ला ८१. म्हणजे खालचा भाग मऊ होतो खरा, पण वरचा भाग तितकाच तिखट होतो. ८० ते ९० या दहा टक्के प्रवासात ब्रेक १७ टक्क्यांनी वाढतो. चाक लॉक होतं ते याच वरच्या भागात. जिथे बारकाई हवी तिथलीच बारकाई तुम्ही कमी करताय.

मग जी२९ वाल्यांना गॅमा वाढवून फायदा का होतो? कारण वेगळं आहे. या ब्रेक पेडलमध्ये स्प्रिंगच्या आत रबराचा ठोकळा आहे. सुरुवातीचा प्रवास नुसत्या स्प्रिंगवर होतो, तिथे पायाला फारसा विरोध जाणवत नाही. मग रबर लागतो आणि पेडल एकदम घट्ट होतं. माणसाचा पाय अंतर नीट मोजू शकत नाही, जोर मात्र चांगला ओळखतो (लोड सेलचे पेडल सोपे वाटतात ते याचमुळे, ते जोरच मोजतात). म्हणून लॉक होण्याची मर्यादा रबराच्या हद्दीत आली तर पाय ती लक्षात ठेवू शकतो. स्प्रिंगच्या हद्दीत असेल तर अंदाजपंचे.

@तिसरा_गिअर, तुम्ही आधी दोन गोष्टी मोजा.

पहिली, रबर कुठे लागतो. व्हील जोडल्यावर प्रत्येक पेडल एकदा तळापर्यंत दाबा, नाहीतर त्याचं कॅलिब्रेशन अर्धवट राहतं. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकची सेन्सिटिव्हिटी ५० वरच ठेवा. तिथेही वक्ररेषा आणि गेममध्येही, असं दोन ठिकाणी केलं की कशाचा परिणाम कशामुळे ते कळेनासं होतं. मग कंटेंट मॅनेजरच्या कंट्रोल्समध्ये ब्रेकची पट्टी बघत सावकाश दाबा. पाय घट्ट लागला तो आकडा लिहून ठेवा. पट्टी स्थिर न राहता थरथरत असेल, मध्येच उड्या मारत असेल, तर पोटेन्शिओमीटरमध्ये (पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पेडल वीस-तीसदा दाबा. ते केल्याशिवाय पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी, चाक कुठे लॉक होतं. प्रॅक्टिस सेशनमध्ये गॅमा १.० ठेवून मॉन्झाच्या सरळ पट्टीवर १८० चा वेग धरा, क्लच दाबा म्हणजे इंजिनाचा परिणाम मध्ये येणार नाही, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि ब्रेक एका ठरावीक टक्क्याला नेऊन पाहा. ६०, मग ७०, मग ७५, असं चढत जा. हेच ८० च्या वेगाला करा. एफए०१ मध्ये कॉकपिटमधून पुढची चाकं दिसतात, त्यामुळे लॉक डोळ्यांनी दिसतो: टायरवरची अक्षरं फिरताना पुसट होतात, चाक थांबलं की स्पष्ट दिसतात. एकदा जोरात घासलं की टायरवर सपाट चट्टा पडतो आणि पुढची मोजमापं बिघडतात, तेव्हा पिटमध्ये जाऊन टायर बदला.

एक गोष्ट आधीच तपासा: पेडल जागेवर राहतंय का. या पेडलखाली दुमडलेले दाते असतात ते गालिच्यासाठी. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा उपयोग नाही. जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे किंवा चाकांची खुर्ची मागे सरकते आणि तोच पाय दर वेळी वेगळा आकडा देतो. पेडल आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी फळी अडकवा, खुर्चीची चाकं काढा किंवा बांधा.

मागचा_एक्सल

मागची बाजू सुटण्याबद्दल लिहितो, तो प्रश्न मागे पडलाय.

आधी निदान. पुढचं लॉक झालं तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागचं लॉक झालं तर शेपूट बाजूला येते, आणि ते फार पटकन होतं. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे आणि ते गिअरबरोबर होतंय, म्हणजे दोष बहुधा इंजिनाचा. खालचा गिअर पडला की इंजिनाला त्या वेगासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात. ते फेरे तुम्ही थ्रॉटलची टिचकी मारून दिले नाहीत तर मागची चाकं स्वतः इंजिनाला ओढतात. हा मागच्या चाकांवरचा जादा ब्रेकच, आणि तोही नेमका वजन पुढे गेल्यामुळे मागची चाकं हलकी असताना.

रेत्तिफिलोला, म्हणजे पहिल्या शिकेनला, येताना सगळे गिअर पहिल्याच क्षणात खाली आणायची घाई करू नका. थांबायला अंतर भरपूर आहे. फेरे बरेच खाली उतरले की एक गिअर, पुन्हा उतरले की पुढचा, असं ब्रेकिंगच्या लांबीभर वाटून टाका. शेवटचा गिअर गाडी वळवायला सुरुवात करण्याच्या आत पडायला हवा, वळताना नको. ऑटो-ब्लिप चालू केल्यावर हा त्रास पूर्ण थांबला तर कारण पक्कं कळलं. निदानासाठी चालू करा, मग हवं तर बंद करून टिचकीचा सराव करा.

ब्रेक बायसला (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) हात याच्यानंतर लावा. सेटअपमध्ये फ्रंट बायस एक टक्क्याने पुढे नेला की मागची बाजू शांत होते, पण पुढची चाकं लवकर लॉक होतात. मागे नेला की उलट. मला स्वतःला बायस असा आवडतो की सरळ ब्रेकिंगमध्ये पुढची चाकं मागच्यांच्या जराशी आधी लॉक होतील: पुढचं लॉक झालं तर ब्रेक सोडून गाडी वाचते, मागचं झालं तर बहुतेक वेळा भिंत. डिफॉल्टपासून दोन टक्क्यांपेक्षा जास्त हलवावं लागत असेल तर आधी पाय तपासा, सेटअप नंतर.

आणि कृपा करून जीटी३ (बंद चाकांच्या स्पोर्ट्स गाड्यांचा वर्ग) मधल्या सवयी इकडे आणू नका. त्या गाड्यांना एबीएस असतो, तिथे जोरात दाबून पुढचं काम यंत्रणेवर सोडणं चालतं. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला बंदी आहे. तिथल्या ड्रायव्हरांच्या पुढच्या टायरमधून निघणारा धूर हा याच प्रश्नाचा धूर आहे.

तिसरा_गिअर

मोजलं. रबर ६६ टक्क्यांवर लागतो. १८० च्या वेगाला चाक साधारण ८२ वर लॉक होतं, ८० च्या वेगाला ६३ वर. ऑटो-ब्लिप चालू केल्यावर मागची बाजू अजिबात सुटत नाही, म्हणजे टिचकीचाच प्रश्न.

एक नवीन गोष्ट दिसली. दुसऱ्या शिकेनला, रोज्जाला, दोन्ही चाकं लॉक होत नाहीत, फक्त पुढचं डावं होतं. तेही सरळ असताना नाही, वळायला सुरुवात केल्यावर.

पेडलपेटी

आकडे फार बोलके आहेत. वेग कमी असताना तुमची मर्यादा ६३, आणि रबर लागतो ६६ वर. म्हणजे वेगात असताना पाय रबरावर असतो आणि मर्यादा जाणवते. वेग उतरल्यावर मर्यादा रबराच्या खाली, मऊ स्प्रिंगमध्ये जाते. पाय सवयीने रबरावर टेकून राहतो आणि चाक थांबतं.

आता गॅमा किती, याचं उत्तर मोजून देता येतं. ६३ ते ८२ टक्के ब्रेक हा तुमचा कामाचा पट्टा. गॅमा १.० ला तो पेडलच्या ६३ ते ८२ मध्येच आहे, १९ टक्के प्रवास, पण खालचं टोक रबराबाहेर. गॅमा १.४ केला तर तोच पट्टा पेडलच्या ७२ ते ८७ मध्ये येतो. सगळा रबरावर, आणि हातात १५ टक्के प्रवास. गॅमा २.४ ला तो ८२ ते ९२ मध्ये चेपला जातो, जेमतेम १० टक्के. रबरावर आहे, पण पाय मिलिमीटरभर हलला की लॉक. म्हणून १.४. शिवाय १.४ ला रबर लागतो तेव्हा ब्रेक ५६ टक्के असतो, म्हणजे ‘रबराला टेकलो’ ही खूण तुम्हाला हळू वेगातल्या मर्यादेच्या किंचित खाली मिळते. वळणाजवळ येताना पाय या खुणेपर्यंत उतरवायचा.

पूर्ण जोर लावूनही पट्टी १०० ला पोचत नसेल तर काळजी नको. या गाडीला, या टायरवर, तुम्हाला १०० कधीच लागणार नाही. रबर काढून टाकायचा विचार असेल तर मात्र हे सगळं गणित बदलेल. मग गॅमा १.० च्या आसपास आणा आणि पुन्हा मोजा.

स्लिक_आणि_विंग

रोज्जाचं उत्तर देतो. रेत्तिफिलो आधी उजवीकडे मग डावीकडे, रोज्जा आधी डावीकडे मग उजवीकडे. वळायला सुरुवात केली की वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं पुढचं चाक हलकं होतं. डावीकडे वळताना आतलं म्हणजे डावं. ब्रेकचा दाब दोन्ही पुढच्या चाकांना सारखाच जातो, त्यामुळे हलकं चाक आधी थांबतं. रेत्तिफिलोला तुम्ही ब्रेक धरून वळलात तर तिथे उजवं थांबेल.

टायरची पकड एकच असते, ती वळण्यात आणि थांबण्यात वाटावी लागते, पण ही वाटणी सरळ वजाबाकीची नाही. वळण्यासाठी ६० टक्के वापरली तर थांबण्यासाठी ४० नव्हे, साधारण ८० टक्के उरते. वळण्यासाठी ८० वापरली तर ६० उरते. म्हणून स्टिअरिंग थोडंसं वळवलं की ब्रेक लगेच पूर्ण सोडायचं कारण नाही. सुरुवातीला अगदी थोडा कमी करायचा आणि स्टिअरिंग जसं वाढेल तसा वेगाने कमी करत जायचा. आतल्या हलक्या चाकामुळे प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच सोडावं लागतं.

रोज्जाला पाय आणि हात यांची वेळ जुळवा: स्टिअरिंग हलायला लागण्याच्या क्षणी ब्रेक रबराच्या खुणेवर असावा, आणि गाडी वळणाच्या आतल्या टोकाला पोचेपर्यंत पाय पूर्ण वर. आधी ब्रेक मुद्दाम दहा मीटर अलीकडे सुरू करा. वेळ जुळली की पाच-पाच मीटरने पुढे सरका. लॉक झालं की पाच मीटर मागे.

मागचा_एक्सल

दोन बारीक गोष्टी जोडतो. ‘फोर्स फीडबॅकमधून (व्हीलची मोटर हाताला देते तो जोर) लॉक जाणवेल’ असं बरेच जण सांगतात. वळताना ते खरं आहे, स्टिअरिंग एकदम हलकं पडतं. सरळ ब्रेकिंगमध्ये मात्र स्टिअरिंगमध्ये तसाही फारसा जोर नसतो, त्यामुळे तिथे कान आणि डोळे वापरा. आणि गेन (त्या जोराची पातळी) इतका वर ठेवू नका की क्लिपिंग होईल, म्हणजे मोटरची ताकद संपून पुढचे फरक कळेनासे होतील. क्लिपिंग झालं की हलकं पडणंसुद्धा कळत नाही. जी२९ सारख्या कमी ताकदीच्या व्हीलवर हे सहज होतं. गेममधल्या ‘पेडल्स’च्या अ‍ॅपमध्ये फोर्स फीडबॅकची पट्टी वळणात सतत लाल होत असेल तर गेन खाली आणा.

दुसरं, शर्यतीत. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून सरळ पट्टीच्या शेवटी आलात तर तुमच्या विंगना स्वच्छ हवा मिळत नाही, डाउनफोर्स कमी, आणि वेग उलट नेहमीपेक्षा जास्त. एकट्याने धावताना बसलेली ब्रेकची जागा आणि दाब दोन्ही तिथे चुकतात. ब्रेक थोडा अलीकडे सुरू करा, आणि शक्य असेल तर त्याआधी बाजूला निघून हवेत या. पहिल्या फेरीत पूर्ण टाकी असताना तसंच: गाडी जड, थांबायला अंतर जास्त. ब्लँकेट बंद असलेल्या सर्व्हरवर टायरही थंड असतात, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या माथ्याचा दाब ८२ च्या ऐवजी ७२-७५ धरा आणि टायर तापतील तसा वाढवा.

तिसरा_गिअर

गॅमा १.४ आणि रबराची खूण, दोन्ही लावून पाहिलं. रेत्तिफिलोला आता लॉक नाही. रोज्जाला आतलं चाक अजून क्षणभर थांबतं, पण पाय हलका केला की सुटतं. बायस डिफॉल्टच ठेवलाय. पुढची शर्यत ब्लँकेट बंद असलेल्या सर्व्हरवर आहे, तिथे ७२ पासून सुरू करतो.

पेडलपेटी

त्याआधी गॅमा १.४ वरची पेडलची किंमत लक्षात घ्या. ७२ टक्के ब्रेक म्हणजे आता पेडल सुमारे ७९. पट्टी बघून आधी पायाला ती जागा दाखवा, मग सर्व्हरवर जा.